बंदरात तुटलेला दोर

लासूर स्टेशनच्या माणसाला पाणी म्हणजे नळाला येतं ते, आलं तर. बाकी सगळा कापूस, कांदा आणि धुरळा. अशा गावचा पोरगा नौदलात गेला तेव्हा लोक हसले, एक पाय घालवून परत आला तेव्हा हळहळले, आणि तोच पोरगा अडतिसाव्या वर्षी विद्यापीठात जाऊन आरमाराच्या इतिहासावर पीएच.डी. करणार म्हटल्यावर पुन्हा हसायला लागले. "समुद्र कुठं अन् आपुन कुठं रं, राजकुमार?" असं स्टेशनसमोरचा चहावालासुद्धा विचारायचा. राजकुमार दाभाडे म्हणायचा, "लांब हाय म्हणूनच शोधायला लागतंय."

आता तो लासूरला राहत नव्हता. बायको सुलेखा शहरालगतच्या पडेगावच्या शाळेत शिकवायची, म्हणून दोघांनी तिथंच दोन खोल्या बांधल्या होत्या. सकाळी डाव्या गुडघ्याखाली कृत्रिम पाय बांधायचा, जादा चाकं लावलेली स्कूटर काढायची आणि लष्करी छावणीतून विद्यापीठ गाठायचं. इतिहास विभाग वरच्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर पाय ठणकायला लागला की तिथं लावलेलं जुनं वेळापत्रक वाचल्याचं सोंग करत उभं राहायचं, हा त्याचा रोजचा शिरस्ता. ज्या विद्यापीठातून पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून तो भरतीला पळाला होता, तिथंच तो आता पोरांच्या वयाच्या पोरांबरोबर मोडी लिपी गिरवत होता.

विषय त्यानं स्वतः निवडला होता. मराठ्यांच्या आरमारावर लिहायचं म्हटलं की जो तो सेनापतींकडं धावतो. राजकुमारला सेनापतींशी देणंघेणं नव्हतं. त्याला हवे होते गलबत हाकणारे तांडेल आणि खलाशी, म्हणजे बुडालेले, जायबंदी झालेले, आणि त्यांची मागं राहिलेली घरं. त्याच्या मार्गदर्शक उमा धारूरकर यांनी विषय ऐकला आणि पहिल्यांदाच त्याला बसायला सांगितलं. बाई निवृत्तीला आलेल्या, अंगानं काटकुळ्या, आणि तोंडात सदा एकच शब्द, पुरावा. मॅडमना आज गुरुवार आहे म्हणून सांगितलं तरी त्या विचारतील, कशावरून, अशी पोरं त्यांची टर उडवायची. राजकुमारला त्या आवडायच्या. बोटीवरच्या जुन्या चीफची आठवण यायची त्याला त्यांच्याकडं बघून.

सगळं बिघडलं ते पंधरा ऑगस्टला.

झेंडावंदनानंतर विभागानं त्याचा सत्कार ठेवला होता. सूत्रसंचालन प्राध्यापक हेमचंद्र सेलूकरांकडं. सेलूकर सर माणूस सज्जन, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले, पण हातात माइक आला की त्यांचं विमान जे उडायचं ते खाली यायचंच नाही. निवृत्त होणाऱ्या शिपायालाही ते सूर्यासारखा तेजस्वी म्हणायचे. पहिल्या रांगेत राजकुमारचे वडील बसले होते, सखाराम दाभाडे, लासूरच्या मोंढ्यात जन्मभर पोती उचललेला माणूस. पांढरीशुभ्र टोपी घालून, पोराचा सत्कार बघायला पहाटेच घरातून निघून आलेला.

"शत्रूच्या तोफगोळ्यानं या वाघाचा पाय हिरावून नेला," सेलूकर सर गरजले, "पण वाघानं युद्धनौकेवरची आपली जागा सोडली नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजकुमारच्या गळ्यात हार होता, हातात नारळ होता, खांद्यावरून शाल घसरत होती. त्यानं सेलूकरांकडं बघितलं, तोंड उघडलंही. मग त्याची नजर पहिल्या रांगेत गेली. सखाराम टोपीच्या टोकानं डोळे पुसत होता. त्या म्हाताऱ्याला भर सभेत कुणी कधी खुर्ची दिली नव्हती, आणि आज शेजारचे दोन प्राध्यापक उठून त्याचा हात हातात घेत होते. राजकुमारनं तोंड मिटलं. आत्ता नको, मग सांगू, असं त्याला वाटलं. हे 'मग सांगू' भल्याभल्यांना भोवलेलं आहे.

कारण खरं एवढंच होतं की त्या दिवशी शत्रू कुठंच नव्हता. पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात बोट धक्क्याला लागत होती. जेवणाची वेळ झाली होती, स्वयंपाकघरातून तळलेल्या माशाचा वास येत होता. अचानक वारा फिरला आणि बोटीला धक्क्यापासून लांब रेटायला लागला. मनगटापेक्षा जाड दोर ताणला गेला. फार ताणला की दोर गुणगुणायला लागतो, हे प्रत्येक नौसैनिकाला पहिल्या महिन्यातच शिकवतात. त्यानं ते गुणगुणणं ऐकलं, शेजारी उभ्या शुद्धोधननंही ऐकलं, दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि मागं सरायच्या आत दोर तुटला. तुटलेलं टोक उलटं आलं. राजकुमारचा पाय गेला. शुद्धोधन बनसोडे, गंगापूर तालुक्यातला पोरगा, छातीवर तडाखा बसून जागीच गेला. कुणाची चूक नव्हती. वाऱ्याला कोण काय बोलणार?

सत्काराचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत लासूरला पोचला. चार दिवसांत स्टेशनच्या चौकात फ्लेक्स लागला. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली गणवेशातला राजकुमार, मागं ज्वाळा आणि एक युद्धनौका, जी आपल्या देशाचीच नाही हे त्यानं बघताक्षणी ओळखलं. सखाराम रोज संध्याकाळी त्या फ्लेक्सखालून उगाचच एक चक्कर मारायचा. त्याला ठाऊक होतं पाय कसा गेला ते. पण लोकांचं ऐकून ऐकून, की मनापासून हवं होतं म्हणून, तोही आता लढाईच म्हणायला लागला होता.

फक्त एका माणसानं प्रश्न विचारला. सप्टेंबरात राजकुमार दुसरं प्रकरण घेऊन गेला तेव्हा उमाबाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "राजकुमार, तुमचा पाय कुठल्या लढाईत गेला? तारीख काय?"

एक पाय नसलेल्या माणसाकडं पुरावा मागायचं धाडस दुसऱ्या कुणाला झालं नसतं. राजकुमारला खरं तर हायसं वाटलं. त्यानं सगळं सांगितलं. वारा, दोर, शुद्धोधन, सगळं.

"मग दुरुस्त करा," बाई म्हणाल्या.

"करतो, मॅडम."

"आणि हे बघा." त्यांनी प्रकरणातल्या एका ओळीखाली पेन्सिल ओढली होती. लढाईत पडलेल्या माणसाच्या पोराबाळांना त्या काळी सरकारातून नेमणूक मिळायची, तिला बालपरवेशी म्हणत. राजकुमारला एका खलाशाच्या बायकोचा अर्ज सापडला होता. नवरा लढाईत पडला, पोरं लहान आहेत, बालपरवेशी मिळावी. खाली कारकुनानं शेरा मारला होता की गलबत खाडीत उभं असताना हा इसम डोलकाठीवरून पडून मेला, सबब देणे नाही. यावर राजकुमारनं लिहिलं होतं, 'अशा अर्जांतील दावे खोटे असल्याने पुरावा म्हणून ते निरुपयोगी आहेत.'

"निरुपयोगी कसे?" बाईंनी विचारलं.

"बाई खोटं बोलतेय, मॅडम. कारकुनानंच पकडलंय."

"हं," बाई म्हणाल्या. त्यांनी ओळ खोडली नाही, पण पेन्सिलीची रेघही पुसली नाही.

राजकुमारनं दुरुस्त केलं नाही. सेलूकर सरांकडं तो गेलाच नाही, असं कुणी म्हणू नये. पण सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अहो, थोडं इकडंतिकडं व्हायचंच. पोरांना प्रेरणा मिळते ना? तुम्ही फार मनाला लावून घेता." तो चहा पिऊन परत आला.

मग दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर एका दुपारी पडेगावच्या घराच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. रापलेली, बारीक, हातात नायलॉनची पिशवी. पिशवीत कांदे होते.

"जय भीम. वळखलं का?"

राजकुमारनं ओळखलं. ती शुद्धोधनची आई होती, गोजरबाई. दवाखान्यातून सुटल्यावर तो कुबड्यांवर तिच्या गावी गेला होता, एकदाच. दोर कसा तुटला ते सांगितलं होतं. तिनं तेव्हा एकच विचारलं होतं, लई दुखलं का त्याला? आणि तो म्हणाला होता, नाय मावशी, त्याला कळलंबी नाय. ते खरं होतं.

सुलेखानं पाणी दिलं. गोजरबाई खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्याला टेकून खाली बसली. पिशवीतून मोबाइल काढला. "शेजारच्या सुनेनं ह्याच्यात भरून दिलंय," म्हणाली आणि बोटानं दाबलं. सेलूकर सरांचा आवाज खोलीभर घुमला. तोफगोळा, वाघ, टाळ्या. सुलेखा आतल्या खोलीत निघून गेली.

"ह्ये खरं, का तू मला सांगितलं व्हतं त्ये खरं?" गोजरबाईनं विचारलं.

"तुम्हाला सांगितलं तेच खरं, मावशी. दोरच होता. हे त्या सरांनी आपल्या मनानं जोडलं."

"अन् तू?"

"मी गप बसलो."

ती रागावेल, रडेल, असं त्याला वाटलं. बरंच झालं असतं. पण तिनं शांतपणे पाण्याचा घोट घेतला.

"गावात समद्यांनी बघितलं ह्ये," ती म्हणाली. "सरपंच घरी आला. मपल्या घरी, वस्तीत, पयल्यांदाच. म्हनला, गोजरबाई, आमची चूक झाली. दोघं एकाच बोटीवर, एकाच दिशी. त्याचा पाय लढाईत गेला म्हंजे तुमचं पोरगंबी लढाईतच गेलं. येशीत दगड बसवू म्हनला, शुद्धोधनच्या नावाचा."

गावच्या वेशीत एक दगड आधीच होता, वरच्या आळीतल्या एका जवानाचा. राजकुमारनं तो तेव्हा बघितला होता. शुद्धोधन तिरंग्यात आला, सलामी झाली, सगळं रीतसर झालं. पण वस्तीतल्या पोरांनी दगडाचा विषय काढल्यावर गाव म्हणालं, अपघातच की हो, अपघातात किती माणसं मरतात, सगळ्यांचे दगड बसवायचे का?

"मावशी, पण ते..."

"मी सरपंचाला व्हय म्हनले नाय न् नायबी म्हनले नाय. मी गप बसले. तुझ्यावानी."

राजकुमारनं मान खाली घातली.

"गाव त्याला काय म्हनायचं म्हाईत हाय? दोरात अडकून मेला. ढोर मरतंय तसं. मोंढ्यात कांदा निवडताना बाया इचारायच्या, मावशे, तुझं पोरगं कशानं गेलं? मी म्हनायची, दोरानं. त्या गप व्हायच्या अन् एकमेकीकडं बघायच्या. त्यांला वाटायचं, पोरानं फाशी घेतली." तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "मपलं लेकरू सरळ उभं ऱ्हाऊन काम करत हुतं ना? तूच म्हनला व्हता."

"करत होता, मावशी. अगदी नीट करत होता."

"मंग? तुझ्या पायासाठी तू खोटं चालू दिलं. मपल्या पोरासाठी चालू द्यायला तुला काय हुतंय?"

राजकुमार म्हणाला, "मी इतिहास लिहितोय, मावशी. खऱ्याखोट्याचंच काम आहे माझं." म्हणताना त्याचं त्यालाच ते पुस्तकी वाटलं.

"लिव्ह की. तुला कोन नगं म्हनतंय?" गोजरबाई उठली. कांदे तिनं उंबऱ्यात ओतले, पिशवी घडी करून काखेत मारली. "मपल्याकडं दुसरा कोन साक्षीदार नाय. तूच हायेस."

ती गेल्यावर सुलेखा बाहेर आली. ती सहसा चिडत नसे. त्या दिवशी चिडली. "पंधरा ऑगस्टलाच तोंड उघडलं असतं तर ही बाई इथवर आलीच नसती. तुमच्या त्या टाळ्यांनी तिच्या जिवाला आस लावली. आता खरं सांगाल तर तिचं पोरगं दुसऱ्यांदा मरंल. अन् नाय सांगितलं तर तुमी मराल, ते मला दिसतंयच."

खरंच दिसण्यासारखं होतं. राजकुमारचं वाचनावरून मन उडालं. मोडी अक्षरं डोळ्यांपुढं नुसती वळवळायची. तो रागावला सेलूकरांवर, बापावर, त्या बाईवर, आणि फिरून फिरून स्वतःवर. आपण भेकड आहोत, असं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला म्हणून बघितलं. दोर गुणगुणत असताना तो जागेवर उभा होता, आणि हार घातल्यावर त्याची वाचा बसली. गेलेला पाय रात्रंदिवस खाजायचा, नसलेल्या टाचेला जिथं हात पोचत नाही नेमका तिथंच.

तोवर सरपंचाचा सेलूकरांना फोन आला होता, आणि सेलूकरांना तर आभाळ ठेंगणं झालं. चार डिसेंबरला नौदल दिन. मोठं सभागृह, राजकुमार दाभाडे यांचं व्याख्यान, वीरमाता गोजरबाई बनसोडे यांचा सत्कार, आणि सरपंचांकडून स्मारकशिळेची घोषणा. निमंत्रणपत्रिका छापून वाटूनही झाल्या. एक पत्रिका उमाबाईंच्या टेबलावर होती. त्यांनी राजकुमारकडं बघून फक्त भुवई उंचावली.

"चार तारखेला दुरुस्त करतो, मॅडम," तो म्हणाला.

"मी पहिल्या रांगेत असेन," बाई म्हणाल्या.

सभागृह गच्च भरलं होतं. लासूरहून दोन जीप भरून माणसं आली होती, गोजरबाईच्या गावचा टेम्पो आला होता. सखाराम पहिल्या रांगेत, इस्त्रीची टोपी, शेजारी उमाबाई. गोजरबाईला स्टेजवर खुर्चीत बसवलं होतं. पांढरं लुगडं, निळा काठ. पाय जमिनीला नीट पोचत नव्हते म्हणून ती पुढं सरकून, खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. सेलूकरांनी तिच्या खांद्यावर शाल घातली तेव्हा तिनं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली, कुणी परत मागेल म्हणून धरावी तशी. तिच्या बोटांच्या पेरांत कांद्याचा काळपट रंग होता, धुऊन न जाणारा.

राजकुमार माइकपुढं आला. खिशात भाषणाचा कागद होता, तो त्यानं काढलाच नाही.

"एक चूक दुरुस्त करायची आहे," तो म्हणाला. "माझा पाय लढाईत गेलेला नाही."

सभागृहात कुणीतरी खोकलं. सेलूकर सर खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

"बोट बंदरात होती. धक्क्याला लागत होती. दोर तुटला आणि पाय गेला. शत्रू नव्हता, तोफ नव्हती. पंधरा ऑगस्टला माझ्याबद्दल सांगितलं गेलं ते खोटं होतं, आणि मी ते ऐकून घेतलं. टाळ्या घेतल्या. सरांची चूक नाही, माझी आहे. मला माफ करा."

लासूरच्या रांगांमध्ये कुजबुज सुरू झाली. एक जण मोठ्यानं म्हणाला, "च्यायला, फ्लेक्सचं काय मग?" सखारामनं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. त्यानं पोराकडं बघितलं नाही. राजकुमारला बापाचं टक्कल दिसलं. त्याला तिथंच थांबायचं होतं. खरं म्हणजे तिथंच संपलं होतं सगळं. आता खाली उतरायचं, मॅडमना नमस्कार करायचा, घरी जायचं.

पण गोजरबाईच्या गावचा सरपंच पाचव्या रांगेतून उभा राहिला. "मंग शुद्धोधन?" त्यानं विचारलं. "त्योबी दोरानंच गेला म्हना की. आमाला कशाला बोलावलं मग हितं?"

राजकुमारनं मागं वळून बघितलं. गोजरबाई त्याच्याकडं बघतच नव्हती. तिनं शाल खांद्यावरून काढली होती आणि मांडीवर घेऊन तिची नीट घडी घालत होती. परत करायच्या वस्तूची घालतात तशी, काठाला काठ जुळवून.

"नाही," राजकुमार म्हणाला.

तो माइकच्या जवळ गेला. "शुद्धोधनचं वेगळं आहे. बातमी गावापर्यंत येताना आमच्या दोघांची गल्लत झाली. दोरानं गेला तो माझा पाय. शुद्धोधन आधीच गेला होता, समुद्रात, शत्रूच्या समोर. आपल्या जागेवर सरळ उभा होता. मी त्याच्या शेजारी होतो. मी बघितलंय."

स्वतःचं उणं जगापुढं मांडणाऱ्या माणसाचं पुढचं वाक्य लोक तपासून बघत नाहीत. सरपंचानं हात जोडले आणि जागेवरूनच सांगितलं, वेशीत दगड बसणार. वस्तीतल्या पोरांनी घोषणा दिल्या. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. गोजरबाईनं घडी केलेली शाल छातीशी धरली होती आणि तिचे खांदे हलत होते.

पहिल्या रांगेत एकच बाई टाळ्या वाजवत नव्हती. उमाबाई त्याच्याकडं बघत होत्या. तो दोर एकच होता, हे त्या सभागृहात माहीत असलेल्या चार माणसांपैकी त्या एक होत्या.

सखाराम त्या दिवशी पोराशी न बोलता जीपमध्ये बसून लासूरला गेला. फ्लेक्स उतरला. त्यानंतर कितीतरी दिवस म्हातारा पडेगावला फिरकला नाही, आणि फोन केला तर घरात नाही म्हणून सांगायला लावायचा.

दुसऱ्या दिवशी राजकुमार जिन्याच्या वळणावर थांबला नाही. ठणकणाऱ्या पायानं तसाच वर गेला. उमाबाई खिडकीशी उभ्या होत्या.

"काल तुम्ही खोटी साक्ष दिलीत," त्या म्हणाल्या.

"दिली, मॅडम."

"जाणूनबुजून. तीनशे माणसांसमोर. आता तिथं दगड बसेल, आणि उद्या कुणी अभ्यासक येऊन त्या दगडाला पुरावा मानेल."

"मानेल."

"मला हे मान्य नाही, राजकुमार. तुमची अडचण मला समजते, तरीही मान्य नाही." त्यांचा आवाज कापत होता. त्याला वाटलं होतं तशा त्या दगडाच्या नव्हत्या.

"मी राजीनामा लिहून आणलाय," तो म्हणाला. "संशोधन सोडतो. माझ्याकडून आता हे व्हायचं नाही."

बाईंनी त्याचा कागद घेतला नाही. टेबलावरून दुसऱ्या प्रकरणाची प्रत उचलून त्याच्यापुढं ठेवली. पेन्सिलीची रेघ तशीच होती. 'अशा अर्जांतील दावे खोटे असल्याने पुरावा म्हणून ते निरुपयोगी आहेत.'

"सोडायचं तर सोडा. पण हे वाक्य असं ठेवून जाऊ नका."

राजकुमारनं ते वाक्य वाचलं. खाडीत उभं असलेलं गलबत, डोलकाठीवरून पडलेला माणूस, आणि कुणाकडून तरी अर्ज लिहून घेणारी ती बाई, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आलं. तिच्या बाजूनं बोलणारा कुणी दुसरा खलाशी असेल का? असेल तर तो गप्प बसला असेल. त्यानं टेबलावरची पेन्सिल उचलली आणि वाक्य खोडलं. कागद फाटेल इतकी दाबून खोडलं.

"याच्या जागी काय लिहू, मॅडम?"

"ती खोटं बोलली, हे लिहायचंच आहे. का बोलली, हेही लिहायचं आहे. तुम्हाला आता ते लिहिता येईल, आणि मला त्याचा आनंद होत नाही." बाई पुन्हा खिडकीकडं वळल्या. "सोमवारी या."

फेब्रुवारीत दगड बसला. वरच्या आळीतल्या जवानाच्या दगडाशेजारीच, तितक्याच उंचीचा. वस्तीतल्या पोरांनी दोरी लावून उंची मोजून घेतली होती. वंदना झाली, सरपंच बोलला, आमदाराचा निरोप वाचून दाखवला गेला. मग सगळे मंडपात जेवायला गेले आणि वेशीत दोघंच उरली, राजकुमार आणि गोजरबाई. ऊन चढलं होतं. उभं राहून राहून त्याचा पाय सुन्न झाला होता.

गोजरबाईनं दगडावरून हात फिरवला. अक्षरं नवी होती, कडा अजून धारदार होत्या.

"वाच," ती म्हणाली. "मला येत नाय वाचाया. मघाशी समदे बोलत हुते, नीट ऐकू आलं नाय."

"मावशी, सरपंचांनी वाचलं ना."

"तू वाच. तू व्हतास तिथं."

राजकुमारनं वाचायला सुरुवात केली. "नौसैनिक शुद्धोधन बनसोडे." गोजरबाईचं बोट अक्षरांवरून सरकत होतं, चुकीच्या अक्षरांवरून, पण सरकत होतं. "यांना भर समुद्रात..." इथं तो अडखळला. "शत्रूशी झुंजताना... वीरमरण आले."

गोजरबाईचं बोट थांबलं. तिनं वर बघितलं. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत सगळं होतं, दोर, बंदर, वारा, त्यानं कुबड्यांवर येऊन तिला सांगितलेलं सगळं.

"मधी थांबला का?" ती म्हणाली. "असं नगं वाचू. पुन्यांदा वाच, न थांबता."

राजकुमारनं घसा साफ केला. एक पाय होता, एक नव्हता, दोन्हींवर तो सरळ उभा राहिला, आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, न थांबता, मोठ्यानं वाचलं.